अँग्विलातील बिगरहंगामी पर्यटन

अँग्विला या पूर्व कॅरिबियनमधील ब्रिटिश सागरपार प्रदेशात एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे सुमारे आठ महिने पर्यटनाच्या दृष्टीने मंदीचे मानले जातात. या काळात होणाऱ्या पर्यटनास बिगरहंगामी पर्यटन असे म्हणता येईल. या महिन्यांत हॉटेलांचे दर उतरतात, पुळणींवर गर्दी राहत नाही आणि उत्तर किनाऱ्यावरील समुद्र हिवाळ्यापेक्षा शांत व उबदार असतो. मात्र अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा मोसमही याच काळात येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बेटावरील अनेक हॉटेले व उपाहारगृहे काही आठवडे पूर्णपणे बंद राहतात. पर्यटकाला जी शांतता कमी खर्चात मिळते, तीच हॉटेलात काम करणाऱ्या स्थानिक माणसाच्या उत्पन्नातील खंड ठरते. बेटावरील सर्वांत मोठा लोकोत्सवही याच मंदीच्या काळात, ऑगस्ट महिन्यात साजरा होतो.

भूगोल

अँग्विला हे लीवर्ड द्वीपसमूहातील अगदी उत्तरेकडचे बेट असून त्याच्या दक्षिणेस सेंट मार्टिन हे बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ९१ चौरस किलोमीटर आहे. त्याची लांबी सुमारे २६ किलोमीटर, तर रुंदी जेमतेम ५ किलोमीटर आहे. या लांबट आकारावरूनच युरोपीय दर्यावर्दींनी बेटाला ‘ईल’ या सापासारख्या माशाचे नाव दिले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,५७२ होती. ‘द व्हॅली’ ही राजधानी असून ती एखाद्या मोठ्या गावाएवढीच आहे.

बेट प्रवाळ व चुनखडीचे आहे. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ७० मीटर एवढीच असल्याने ढग अडवणारा डोंगर नाही, नदी नाही आणि मातीचा थरही पातळ आहे. शेजारच्या अनेक बेटांवर उसाच्या मोठ्या मळ्यांनी जमीन व्यापली, तसे अँग्विलात दीर्घकाळ टिकून राहिले नाही, त्याचे एक मुख्य कारण हेच. पिण्याच्या पाण्यासाठी आज समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण केले जाते. छपरावरचे पावसाचे पाणी घराखालच्या टाक्यात साठवण्याची जुनी पद्धतही टिकून आहे. शेतीला प्रतिकूल असलेल्या याच चुनखडीने बेटाला पांढऱ्या वाळूचे किनारे दिले. नद्यांचा गाळ समुद्रात येत नसल्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणीही नितळ राहते.

मीठ, स्थलांतर आणि पर्यटन

१६५० मध्ये इंग्रजांनी सेंट किट्सहून येऊन येथे वसाहत केली. पुढील तीन शतके बेटाने मीठ, मासेमारी, होडीबांधणी आणि परगावी गेलेल्या माणसांनी पाठवलेला पैसा यांवर गुजराण केली. सॅंडी ग्राउंड या गावामागच्या खाऱ्या तळ्यातून मीठ काढून ते जहाजांतून अन्यत्र पाठवले जाई. हा व्यवसाय १९८० च्या दशकात बंद पडला. मीठ कारखान्याच्या जुन्या इमारतीत आता ‘पम्पहाउस’ नावाचा बार चालतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत शेकडो पुरुष दरवर्षी शिडाच्या गलबतांतून आजच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात ऊसतोडणीसाठी जात आणि तोडणी संपली की परतत. म्हणजे वर्षातील काही महिने कमाईचे आणि उरलेले महिने त्या कमाईवर काढायचे, हा क्रम अँग्विलाला पर्यटनाच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे.

१९६७ मध्ये ब्रिटनने अँग्विला, सेंट किट्स आणि नेव्हिस यांना एकत्र जोडून एक संलग्न राज्य बनवले. अँग्विलातील लोकांना सेंट किट्सचे वर्चस्व मान्य नव्हते. ३० मे १९६७ रोजी त्यांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून घालवून दिले. रोनाल्ड वेबस्टर हे या चळवळीचे प्रमुख नेते होते. १९ मार्च १९६९ रोजी ब्रिटिश सैनिक बेटावर उतरले, परंतु त्यांना प्रतिकार झाला नाही. अखेरीस १९८० मध्ये अँग्विला औपचारिकरीत्या वेगळे झाले आणि ब्रिटनच्या थेट अखत्यारीत राहिले. रस्ते, वीज, दूरध्वनी यांची वानवा हे या बंडामागील एक मोठे गाऱ्हाणे होते. त्यामुळे स्वतंत्र कारभार हाती येताच उत्पन्नाचे नवे साधन शोधणे क्रमप्राप्त झाले.

शेजारच्या सेंट मार्टिनमध्ये तोवर मोठी हॉटेले, जुगारगृहे आणि पर्यटक जहाजांचा धक्का असे सर्व काही उभे राहत होते. अँग्विलाने वेगळी वाट धरली. येथे जुगारगृहांना परवानगी देण्यात आली नाही, प्रचंड पर्यटक जहाजांसाठी बंदर बांधले गेले नाही आणि किनाऱ्यावर जेट-स्की चालवण्यास बंदी आहे. थोड्या, पण अधिक खर्च करणाऱ्या पर्यटकांवर भर देण्याचे हे धोरण होते. १९८४ मध्ये मीड्स बे येथे ‘मॅलिओहाना’ हे हॉटेल सुरू झाले. हे नाव बेटाच्या जुन्या, युरोपीयपूर्व नावावरून घेतलेले आहे. त्यानंतर १९८८ मध्ये मॉन्डेज बे येथे ‘कॅप जुलुका’ सुरू झाले. या दोन हॉटेलांनी बेटाची ओळख पक्की केली. तिची दुसरी बाजू अशी की, श्रीमंत उत्तर अमेरिकी पर्यटकाच्या सवडीवर सारे अर्थकारण अवलंबून राहिले, आणि त्याला सवड व गरज दोन्ही असते ती त्याच्या गावी बर्फ पडत असताना.

हंगामाची विभागणी

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ हा ऐन हंगाम होय. नाताळ आणि नववर्षाच्या दोन आठवड्यांत दर सर्वाधिक असतात. ही विभागणी अँग्विलाच्या हवामानापेक्षा न्यूयॉर्क, बॉस्टन किंवा टोरांटोच्या हवामानाने ठरवलेली आहे, कारण अँग्विलात जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी तापमानात फार मोठा फरक नसतो. जेट विमाने आणि वातानुकूलन सार्वत्रिक होण्यापूर्वी कॅरिबियनमधील अनेक हॉटेले उन्हाळ्यात कुलूप लावूनच ठेवत. आजचा ‘मंदीचा काळ’ हा त्या जुन्या प्रथेचा सौम्य झालेला अवशेष आहे.

मंदीचे आठ महिने एकसारखे नसतात. एप्रिलचा उत्तरार्ध, मे आणि जून यांत दर उतरलेले असतात, जवळजवळ सर्व काही उघडे असते आणि वादळाचा धोका अल्प असतो. ज्याला किनारा आणि जेवण एवढ्याचसाठी यायचे आहे, त्याच्या दृष्टीने हेच आठवडे सर्वांत सोयीचे ठरतात. जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीस उत्सवामुळे काही दिवस पुन्हा गर्दी होते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत खरी सामसूम असते. नोव्हेंबरमध्ये हॉटेले रंगरंगोटी आटोपून एकेक करून दारे उघडतात. या महिन्यात दर अजून उतरलेले असतात, पण मुक्काम ठरवण्यापूर्वी कोणते उपाहारगृह कधी उघडणार याची चौकशी करणे आवश्यक ठरते.

हवामान आणि समुद्र

अँग्विलाचा अक्षांश सुमारे १८° उत्तर, म्हणजे साधारणपणे पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागाएवढा आहे. मात्र अक्षांश सारखा असला तरी ऋतुमान वेगळे आहे. येथे मोसमी वारे नाहीत. वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात आणि त्यामुळे उन्हाची तीव्रता सुसह्य होते. वार्षिक पर्जन्यमान सुमारे ९०० ते १,००० मिलिमीटर असून त्यात वर्षागणिक बराच फरक पडतो. पावसाचे प्रमाण वर्षाच्या उत्तरार्धात वाढते, परंतु कोकणातल्यासारखी दिवसचे दिवस लागून राहणारी झड येथे नसते. सर येते, अर्ध्या तासात निघून जाते आणि पुन्हा ऊन पडते. वादळ किंवा मोठा कमी दाबाचा पट्टा जवळून गेला तरच दिवसभर पाऊस लागतो. सप्टेंबरमध्ये मात्र व्यापारी वारे मंदावतात आणि हवा दमट व कोंदट होते. बंद खोलीत वातानुकूलनाशिवाय राहणे तेव्हा त्रासदायक होते.

पोहण्याच्या दृष्टीने बिगरहंगामाचा एक लाभ फारसा सांगितला जात नाही. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये दूरवर उठणाऱ्या वादळांमुळे मोठ्या लाटांची मालिका दक्षिणेकडे येते. बेटावर वारा शांत असतानाही या लाटा उत्तर व वायव्य किनाऱ्यावर आदळतात. मीड्स बेसारख्या सुरेख पुळणीवर जानेवारी-फेब्रुवारीत काही दिवस पाण्यात उतरणे धोक्याचे असते ते यामुळे. या लाटा वाळूही ओढून नेतात. मे महिन्यापासून त्या थांबतात, वाळू हळूहळू परत येते आणि पुळण रुंद होते. समुद्राचे तापमान फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे २६ अंश सेल्सिअस असते, ते सप्टेंबरपर्यंत २९ अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणजे ज्या महिन्यांत खोली सर्वांत महाग असते, त्या महिन्यांत उत्तर किनाऱ्याचा समुद्र सर्वांत खवळलेला आणि पाणी सर्वांत थंड असते.

या लाभाला २०११ पासून एक छेद गेला आहे. सरगॅसम या तपकिरी तरंगत्या शैवालाचे प्रचंड पुंजके त्या वर्षापासून उष्णकटिबंधीय अटलांटिकमधून कॅरिबियनकडे येऊ लागले. त्यांचे प्रमाण वसंत ऋतू आणि उन्हाळ्यात अधिक असते. किनाऱ्यावर साचलेले शैवाल कुजू लागले की हायड्रोजन सल्फाइड वायूची दुर्गंधी पसरते. वाऱ्याच्या बाजूचे, म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेले किनारे त्याने अधिक बाधित होतात. बेट अरुंद असल्याने एका किनाऱ्यावर शैवाल असताना काही मिनिटांच्या अंतरावरचा दुसरा किनारा स्वच्छ असू शकतो.

पुळणी

बेटावर ३३ पुळणी असल्याचे सांगितले जाते. सर्व पुळणी सार्वजनिक आहेत. हॉटेलाच्या समोरच्या वाळूवरही कोणालाही बसता येते. ईशान्येकडील शोल बे ही सर्वांत प्रसिद्ध पुळण असून तिच्यालगत प्रवाळभित्ती असल्याने किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुखवटा लावून मासे पाहता येतात. दक्षिणेकडील रॉन्देव्हू बे ही लांबलचक, चंद्रकोरीच्या आकाराची असून समोर सेंट मार्टिनचे डोंगर दिसतात. तिच्या एका टोकाला संगीतकार बॅंकी बॅंक्स यांचा ‘ड्यून प्रिझर्व्ह’ हा फळकुटे आणि जुन्या होड्यांच्या लाकडातून उभारलेला बार आहे. त्यांचे पुत्र ओमारी बॅंक्स हे वेस्ट इंडीजकडून कसोटी सामना खेळलेले पहिले अँग्विलन क्रिकेटपटू. पश्चिमेकडील मॉन्डेज बे आणि मीड्स बे यांच्या काठी महागडी हॉटेले आहेत. क्रोकस बेजवळचे लिटल बे उंच कड्यांच्या पायथ्याशी आहे, तेथे होडीने जावे लागते किंवा कड्यावरून दोराला धरून उतरावे लागते. सॅंडी ग्राउंडसमोर समुद्रात ‘सॅंडी आयलंड’ नावाची वाळूची चिमुकली चकती आहे. चक्रीवादळांनी तिचा आकार अनेकदा बदलला आहे.

उन्हाळ्यातील रात्री यांपैकी काही पुळणींवर समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. त्यांत चामडी पाठीची, हिरवी आणि हॉक्सबिल अशा जाती आढळतात. कासवांना प्रखर प्रकाशाचा व वर्दळीचा त्रास होतो. त्यामुळे किनाऱ्यावरील हॉटेले अर्धी रिकामी असणे त्यांच्या पथ्यावर पडते.

खानपान

अँग्विला आकाराने लहान असूनही चांगल्या जेवणासाठी कॅरिबियनमध्ये नावाजले जाते. येथील खाद्यसंस्कृतीचे दोन थर आहेत. एक थर हॉटेले आणि त्यांच्या आसपास वाढलेल्या, फ्रेंच व अमेरिकी पद्धतीच्या महागड्या उपाहारगृहांचा. दुसरा थर गावातल्या टपऱ्या, समुद्रकाठचे बार आणि घरगुती स्वयंपाक यांचा. बिगरहंगामात पहिला थर आक्रसतो आणि पर्यटकाची गाठ दुसऱ्याशी पडते.

बेटाची ओळख म्हणावा असा पदार्थ म्हणजे तुरीचे दाणे घालून शिजवलेला भात. तूर मूळची भारतीय उपखंडातील. ती आफ्रिकेत गेली आणि तेथून गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनमध्ये पोहोचली. येथे तिची डाळ न करता अख्खे दाणेच वापरतात. पातळ मातीत आणि कमी पावसात तग धरणारे पीक म्हणून तिला या बेटावर विशेष महत्त्व आले. भातासोबत बहुधा भाजलेली किंवा रश्शातली कोंबडी, बकरीचे मटण किंवा मासा असतो. ‘जॉनी केक’ नावाचा मैद्याचा छोटा तळलेला पाव न्याहारीला आणि जेवणालाही खातात. मोठ्या समुद्री शंखातील मांस कुटून मऊ करून त्याचा रस्सा किंवा भजी करतात. तांबोशीच्या जातीचे मासे अख्खे भाजून वाढतात.

सर्वाधिक मागणी असते ती शेवंडीला. येथील शेवंड कोकण किनाऱ्यावरच्या शेवंडीसारखीच काटेरी, नांग्या नसलेली असते. तिच्याहून लहान, ठिपकेदार जातीला स्थानिक लोक ‘क्रेफिश’ म्हणतात आणि अनेकजण चवीत तिलाच वरचढ मानतात. ईशान्येकडील आयलंड हार्बर हे मच्छीमारांचे गाव या दोन्हींसाठी प्रसिद्ध आहे. गावासमोरच्या सिली के या इवल्याशा बेटावर भाजलेल्या शेवंडीचे जेवण मिळत आले आहे. धक्क्यावर उभे राहून हात हलवला की पलीकडून होडी न्यायला येते, अशी तेथील रीत.

शुक्रवारी व शनिवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला तेलाचे पिंप उभे चिरून केलेल्या शेगड्या पेटतात. त्यांवर कोंबडी आणि डुकराच्या बरगड्या भाजल्या जातात. या टपऱ्यांचे मुख्य गिऱ्हाईक स्थानिक असल्याने हॉटेलांप्रमाणे हंगामावर त्या अवलंबून नसतात. मात्र येथेही किमती भारतीय किंवा अगदी शेजारच्या सेंट मार्टिनच्या तुलनेत कमी वाटत नाहीत. तांदूळ, मैदा, भाज्या, दूध असे जवळजवळ सर्व खाद्यपदार्थ आयात करावे लागतात आणि त्यांवर आयात शुल्क असते. बिगरहंगामात खोली स्वस्त होते, ताट फारसे स्वस्त होत नाही.

उन्हाळी महोत्सव आणि होड्यांच्या शर्यती

ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपुष्टात आणणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. त्याच्या स्मरणार्थ ऑगस्टचा पहिला सोमवार सार्वजनिक सुटीचा असतो आणि त्याला जोडून सुमारे दहा दिवसांचा उन्हाळी महोत्सव भरतो. पहाटे ढोल-ताशांसारख्या वाद्यांच्या गजरात निघणारी ‘जूव्हे’ मिरवणूक द व्हॅलीपासून सॅंडी ग्राउंडकडे जाते आणि दुपारी तेथील किनाऱ्यावर होड्यांची शर्यत होते.

शिडाच्या होड्यांची शर्यत हा अँग्विलाचा राष्ट्रीय खेळ मानला जातो. क्रिकेटवेड्या वेस्ट इंडीजमध्ये हे वेगळेपण नजरेत भरते. ऊसतोडणीहून परतणारी गलबते आणि मासेमारी करून येणाऱ्या होड्या यांच्यात घरी आधी कोण पोहोचते अशी चुरस लागे, त्यातून हा खेळ आला असे सांगतात. शर्यतीच्या होड्या बेटावरच बांधल्या जातात. त्यांतील सर्वांत मोठ्या वर्गातील होडी सुमारे साडेआठ मीटर लांब असते, तिला वरचा तक्तपोशीचा मजला नसतो आणि शीड होडीच्या मानाने अवाढव्य असते. तोल राखण्यासाठी वजन म्हणून वाळूच्या पिशव्या, शिसे आणि माणसे घेतात. होडी कोणत्या गावची यावरून पाठीराखे ठरतात आणि निकालावरचा वाद पुढील शर्यतीपर्यंत चालतो. ३० मे या अँग्विला दिनी संपूर्ण बेटाला वळसा घालणारी शर्यत होते, तीही बिगरहंगामातच.

महोत्सवाच्या दिवसांत येणारे पाहुणे बहुतांशी परदेशस्थ अँग्विलन असतात. इंग्लंडमधील स्लाउ या गावात त्यांची मोठी वस्ती आहे. अमेरिकी व्हर्जिन बेटे आणि सेंट मार्टिन येथेही पुष्कळजण स्थायिक आहेत. ते हॉटेलात क्वचितच उतरतात, आत्याच्या किंवा भावाच्या घरी उतरतात. हॉटेलांच्या हिशेबात मंदी असताना बेट माणसांनी भरलेले असते, ते यामुळे.

बंदचे आठवडे

महोत्सव संपला, पाहुणे परतले की ऑगस्टच्या अखेरीस हॉटेले बंद होऊ लागतात. काही चार-पाच आठवडे, तर काही दहा-बारा आठवडे बंद राहतात. बंद राहण्यामागे तीन कारणे असतात. गिऱ्हाईक नसताना पंखे, दिवे, निःक्षारीकरण आणि नोकरवर्ग यांचा खर्च परवडत नाही. खाऱ्या वाऱ्याने खराब झालेल्या इमारतींची दुरुस्ती रिकाम्या हॉटेलातच करता येते. आणि वादळ आले तर शेकडो पाहुण्यांना सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टळते. एक मोठे हॉटेल बंद झाले की त्याच्या आसपासची टॅक्सी, मोटारी भाड्याने देणारे, मासे पुरवणारे कोळी, कपडे धुणारे अशा सर्वांचे काम आटते. मग उपाहारगृहेही सुटी घेतात.

कामगारांपैकी काहींना या काळात साठलेली पगारी रजा घ्यावी लागते, काहींचे तास कमी होतात आणि हंगामी करारावरील लोकांना कामच नसते. ऐन हंगामात मिळणाऱ्या बक्षिसीचा मोठा भाग या आठवड्यांसाठी राखून ठेवणे हे घरखर्चाचे गृहीत धरलेले गणित आहे. शाळांचे नवे वर्षही सप्टेंबरमध्येच सुरू होत असल्याने गणवेश, पुस्तके यांचा खर्च नेमका याच वेळी येतो. सरकारलाही ही ओहोटी जाणवते. अँग्विलात वैयक्तिक प्राप्तिकर नाही. महसूल मुख्यतः आयात शुल्क, निवासावरील कर आणि २०२२ मध्ये लागू झालेला वस्तू व सेवा कर यांतून येतो, आणि यांतील बहुतेक वाटा पर्यटकांच्या संख्येबरोबर वर-खाली होतो.

चक्रीवादळे

अटलांटिक चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे. १० सप्टेंबरच्या सुमारास तो टोकाला पोहोचतो. कोणत्याही एका वर्षी एखाद्या विशिष्ट बेटावर मोठे वादळ थेट धडकण्याची शक्यता कमी असते. परंतु वीस-तीस वर्षांच्या कालावधीत ते कधीतरी येतेच.

सप्टेंबर १९६० मधील डॉना वादळाने बेटावरची कितीतरी घरे पाडली. सप्टेंबर १९९५ मध्ये लुईस आले आणि त्याने पुळणींची मोठी धूप केली. मीड्स बे येथे १९९४ मध्ये उपाहारगृह सुरू करणाऱ्या ब्लॅंचर्ड या अमेरिकी दाम्पत्याने बेटावरील पहिल्या वर्षांचे अनुभव ‘अ ट्रिप टू द बीच’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितले आहेत. त्यात लुईसने केलेला विध्वंस आणि नंतरची उभारणी यांचाही वृत्तांत आहे. नोव्हेंबर १९९९ मधील लेनी हे वादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकले. त्यामुळे एरवी आडोशाला असणाऱ्या पश्चिम किनाऱ्याला फटका बसला आणि मुसळधार पावसाने द व्हॅलीत पाणी साचले.

६ सप्टेंबर २०१७ रोजी आलेले अर्मा हे वादळ यांपैकी सर्वांत प्रबळ होते. ते सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीचे होते आणि त्यातील वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. बेटावर एकाचा मृत्यू झाला. रुग्णालय, शाळा, विमानतळ आणि विजेचे जाळे यांची मोठी हानी झाली. ब्लोइंग पॉइंट येथील प्रवासी धक्क्याची इमारत उद्ध्वस्त झाली. वादळ आले तेव्हा बंदच्या आठवड्यांमुळे हॉटेलांत पाहुणे फारसे नव्हते. जीवितहानीच्या दृष्टीने हे सुदैवच. मात्र काही मोठी हॉटेले पुढचा संपूर्ण ऐन हंगाम उघडू शकली नाहीत. कॅप जुलुका तर डिसेंबर २०१८ मध्येच पुन्हा सुरू झाले. म्हणजे कामगारांच्या वाट्याला दोन महिन्यांची नेहमीची मंदी नव्हे, तर वर्षभराहून अधिक काळाची बेकारी आली. त्यामुळे काहींना काम शोधण्यासाठी पुन्हा एकदा बेट सोडावे लागले. ब्रिटनने पुनर्बांधणीसाठी ६ कोटी पौंडांचे अनुदान दिले.

वादळानंतर तातडीने रोख रक्कम हाती यावी म्हणून २००७ मध्ये कॅरिबियन देशांनी सामायिक आपत्ती विमा निधी उभारला. त्यात नुकसानीची पाहणी करून भरपाई ठरवली जात नाही. वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग अशा मोजमापांवरून गणिताने रक्कम ठरते आणि काही दिवसांत दिली जाते. अँग्विलाला २०१० मधील अर्ल आणि २०१७ मधील अर्मा या वादळांनंतर अशी रक्कम मिळाली. ही रक्कम सरकारला मिळते. एकट्या घराचे छप्पर किंवा टपरी यांची तरतूद ज्याची त्याला करावी लागते.

वादळ प्रत्यक्ष न येताही बिगरहंगामी प्रवासावर परिणाम करू शकते. शेकडो किलोमीटर दूरच्या वादळामुळे समुद्र खवळला की होड्या थांबतात आणि मायामी किंवा सान हुआन येथील विमानतळ बंद झाले की बेटावरचे पर्यटक अडकतात. म्हणून या काळात रद्द करता येणारे आरक्षण आणि वादळाची नावानिशी तरतूद असलेला प्रवास विमा यांना महत्त्व असते. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाचे नुकसान सहसा धरले जात नाही.

प्रवास

बेटावरील क्लेटन जे. लॉइड विमानतळाची धावपट्टी मोठ्या विमानांसाठी पुरेशी नाही. तरी डिसेंबर २०२१ पासून मायामीहून थेट विमानसेवा सुरू झाली आहे. अन्य प्रवासी बहुधा सेंट मार्टिनच्या डच भागातील प्रिंसेस जुलियाना विमानतळावर उतरतात आणि तेथून वेगवान होडीने, अथवा फ्रेंच भागातील मारिगोहून सुमारे पंचवीस मिनिटांच्या फेरीबोटीने ब्लोइंग पॉइंटला येतात. बिगरहंगामात फेऱ्या कमी होऊ शकतात. इंग्रजी ही अधिकृत भाषा आहे. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर कायम आहे. अमेरिकन डॉलरही सर्वत्र चालतो. सार्वजनिक बससेवा जवळजवळ नसल्याने मोटार भाड्याने घ्यावी लागते. वाहने डाव्या बाजूने चालतात.

अलीकडील बदल

इंटरनेटवर देशांना दोन अक्षरी नावे देण्यात आली, तेव्हा अँग्विलाच्या वाट्याला ‘.एआय’ हे नाव आले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्यवसायाला भरभराट येताच हे नाव घेण्यासाठी जगभरातील कंपन्यांची रीघ लागली. २०२३ मध्ये त्यांच्या नोंदणीतून सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख अमेरिकन डॉलर मिळाले. एकूण सरकारी महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून हा वाटा अधिक होता. हे उत्पन्न वादळाने थांबत नाही आणि सप्टेंबरमध्ये आटत नाही. पर्यटनावरच उभ्या असलेल्या या बेटाच्या तिजोरीत बिगरहंगामातही येणारा एवढा मोठा पैसा यापूर्वी नव्हता. सरकारचा भार त्यामुळे हलका झाला आहे. हॉटेलातील वाढपी, नावाडी आणि टॅक्सीचालक यांचे वर्ष मात्र अजूनही डिसेंबरच्या मध्यातच सुरू होते.